आधी सीरियल नंबर विचारा : मायनिंग मशीनच्या फसवणुकीबद्दल एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र सायबर विभाग
आणि
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण

विषय : क्रिप्टो मायनिंग मशीनच्या विक्रीतील फसवणूक आणि विक्रेत्यांचे ‘चोरी झाली’ हे दावे

महोदय,

बिटकॉइन मायनिंगचे, म्हणजे सतत गणिते करून नवे बिटकॉइन मिळवण्याचे, मशीन विकतो म्हणून पैसे घ्यायचे आणि मशीन द्यायचेच नाही, किंवा भलतेच द्यायचे, हा प्रकार दहा-बारा वर्षे चालू आहे. आम्ही या मशीनची दुरुस्ती, तपासणी, आयात आणि हिशेब बघणारी माणसे आहोत. फसलेला माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा त्याला क्रिप्टोबद्दल खूप विचारले जाते, मशीनबद्दल मात्र जवळपास काहीच विचारले जात नाही. म्हणून हे पत्र.

पोलिस ठाण्यात ‘हे क्रिप्टोचे आहे, याला कायदा नाही’ किंवा ‘हे दिवाणी स्वरूपाचे प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे उत्तर मिळते. ग्राहक आयोगासमोर ‘नफ्यासाठी घेतलेली वस्तू, म्हणजे व्यावसायिक हेतू’ असा आक्षेप येतो. दोन्हीकडून माणूस परत फिरतो आणि तेवढ्या वेळात पैसा तीन-चार वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायची डिजिटल पाकिटे, ओलांडून गेलेला असतो.

पहिल्या उत्तराला आधार नाही. बँकांनी क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेवर ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे आणि ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते त्या कंपन्या, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणली गेली. आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी मशीन ही वस्तू आहे. तिला वजन आहे, बिल आहे, वाहतुकीची कागदपत्रे आहेत. वस्तू देतो म्हणून पैसे घेऊन ती न देण्याचा हेतू पहिल्यापासून असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. खरेदीदाराने रुपये दिले की डिजिटल डॉलर, याने फसवणूक बदलत नाही.

गाडीला चॅसिस नंबर असतो तसा प्रत्येक मशीनला कारखान्याचा सीरियल नंबर असतो. तो पेटीवरच्या स्टिकरवर असतो. त्याशिवाय मशीन चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाचा स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) असतो आणि गणिते करणाऱ्या चिप्स बसवलेल्या आतल्या प्रत्येक हॅशबोर्डावर वेगळा क्रमांक असतो. बिटमेन या उत्पादक कंपनीच्या अँटमायनर मशीनचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर हमीची मुदत कळते. म्हणजे ‘नवे कोरे’ म्हणून विकलेल्या मशीनची हमी आधीच कधी सुरू झाली, हे दोन मिनिटांत तपासता येते. विक्रेत्याकडे माल खरोखर असेल तर त्याला सीरियल नंबर द्यायला अडचण नसते. नंबर द्यायला टाळाटाळ होते ती बहुधा माल नसतो म्हणून.

या धंद्यातली नीट नोंदवली गेलेली काही प्रकरणे अमेरिकेतली आहेत आणि ती आपल्या कामाची आहेत. कॅन्ससमधल्या बटरफ्लाय लॅब्ज या कंपनीने २०१२ पासून आगाऊ पैसे घेऊन मशिने विकली. किंमत १४९ डॉलरपासून २९,८९९ डॉलरपर्यंत होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीवर कारवाई केली तेव्हाच्या माहितीनुसार, आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत वीस हजारांहून जास्त ग्राहकांना पैसे भरूनही मशीन मिळाले नव्हते. ग्राहकांच्या मशीनवर कंपनी स्वतःच मायनिंग करते, असाही आरोप होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोड झाली, आणि तिच्यातली एक अट आपण उचलावी अशी आहे : मशीन तयार असेल आणि ३० दिवसांत पोचणार असेल तरच आगाऊ पैसे घ्यायचे, नाही पोचले तर परत करायचे.

ही अट इतकी महत्त्वाची का, ते मायनिंगचे गणित कळल्याशिवाय लक्षात येत नाही. फ्रिज दोन महिने उशिरा आला तर फ्रिजच मिळतो. मायनिंग मशीनची कमाई मात्र जगभरातल्या एकूण हॅशरेटमधल्या, म्हणजे गणिते करण्याच्या वेगातल्या, त्याच्या वाट्यावर ठरते आणि हा एकूण आकडा वाढत राहतो. दर २०१६ ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे बिटकॉइन व्यवहारांचा एक गठ्ठा), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, गणिताच्या अवघडपणाची पातळी नव्याने ठरते. त्यामुळे उशिरा आलेल्या मशीनची किंमत वाटेतच कमी झालेली असते. मशीन रोखून धरणाऱ्या विक्रेत्याला दुहेरी फायदा होतो. नवे, जास्त कमावणारे महिने तो स्वतः वापरतो आणि उतरत्या कमाईचे मशीन ग्राहकाच्या गळ्यात घालतो. ‘उशीर झाला, पण माल तर दिला ना’ हा बचाव म्हणूनच इथे मान्य करू नये.

कनेक्टिकटच्या गॉ मायनर्सने यापुढची पायरी गाठली. मशीन पाठवण्याची कटकटच नको, आमच्याकडे ठेवलेल्या मशीनची ताकद विकत घ्या, असे सांगून कंपनीने जवळ होती त्यापेक्षा कितीतरी जास्त हॅशरेट विकला. तिचा प्रमुख जोश गार्झा याने गुन्हा कबूल केला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली.

हाच प्रकार आपल्याकडे गेनबिटकॉइन या नावाने आला. अमित भारद्वाज आणि त्याच्या साथीदारांनी ‘क्लाउड मायनिंग’च्या करारावर दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असा परतावा बिटकॉइनमध्ये देण्याचे सांगितले आणि पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेले एमकॅप नावाचे टोकन वाटायला सुरुवात केली. पुणे आणि नांदेडसह देशभर गुन्हे नोंदले गेले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. पैसे भरताना एवढ्या लोकांपैकी किती जणांनी ‘माझ्या वाट्याच्या मशीनचा सीरियल नंबर काय, ते कुठल्या पत्त्यावर आहे, त्याचे वीजबिल कोणाच्या नावाने येते’ असे विचारले असेल? ज्या कराराला या तीन प्रश्नांची उत्तरे नाहीत तो मायनिंगचा करार नाही, ती ठेव आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आणि महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, या दोन्हींच्या चष्म्यातून अशा जाहिराती पहिल्याच दिवशी पाहिल्या जाव्यात.

आता आजच्या बाजाराकडे येतो. साफ खोट्या दुकानांबद्दल फार लिहायला नको. मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळाच्या नावात एक अक्षर बदलायचे, निम्मी किंमत लावायची, टेलिग्रामवर ‘अधिकृत एजंट’ उभा करायचा आणि पैसे ट्रॉन साखळीवरच्या (सगळ्यांना दिसणाऱ्या डिजिटल खातेवहीवरच्या) यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात घ्यायचे. असली ‘कंपनी’ जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून शोधली तर नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची निघते, रद्द झालेली निघते किंवा किराणा मालाच्या दुकानाची निघते. पैसे मध्यस्थाकडे राहतील, असे सांगणारा एस्क्रोही विक्रेत्यानेच सुचवलेला असतो आणि बहुधा त्याचाच असतो.

त्याहून कठीण प्रकार म्हणजे ज्यात मशीन खरे असते. इथे तपास अधिकाऱ्याला थोडा तांत्रिक तपशील हाताशी हवा.

सर्वांत जास्त चालणारी लबाडी स्टिकरची. अँटमायनर एस१९ आणि एस१९ प्रो यांची पेटी बाहेरून सारखीच दिसते. दोन्ही सुमारे ३२५० वॅट वीज घेतात, त्यामुळे मीटर लावूनही फरक कळत नाही. पण पहिल्याची ताकद सेकंदाला ९५ टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी गणिते) आहे आणि दुसऱ्याची ११०. फरक आत आहे. एस१९ च्या प्रत्येक हॅशबोर्डावर ७६ चिप्स असतात, प्रोच्या बोर्डावर ११४. मशीन सुरू होताना त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींत, प्रत्येक बोर्डासमोर किती चिप्स सापडल्या ते उमटते. प्रोच्या नावाने विकलेल्या मशीनच्या लॉगमध्ये ७६ दिसले की निकाल लागला. बोर्डावर ११४ पैकी काहीच चिप्स सापडत असतील तर तो बोर्ड जळका किंवा कसाबसा जोडलेला आहे. तीनपैकी एक बोर्ड लॉगमध्ये येतच नसेल, तर एक-तृतीयांश मशीन विकलेच गेलेले नाही.

दुसरी लबाडी पडद्यावरच्या आकड्याची. मशीनच्या स्वतःच्या पानावर दिसणारा हॅशरेट फर्मवेअर, म्हणजे मशीनमधला मूळ प्रोग्राम, लिहील तो असतो. बदललेले फर्मवेअर ९५ ला ११० दाखवू शकते. ते मशीनला तासाभरासाठी जास्त दाबून खरोखर ११० पर्यंतही नेऊ शकते, मात्र त्यात वीज चार हजार वॅटच्या पुढे जाते आणि बोर्ड लवकर मान टाकू शकतात. म्हणून पडद्याचा फोटो पुरावा धरू नये. पूलच्या, म्हणजे अनेक मशिनांची ताकद एकत्र करून कमाई वाटणाऱ्या सेवेच्या, खात्यात २४ तासांत जमा झालेल्या शेअर्सवरून निघणारा सरासरी हॅशरेट हाच खरा. शेअर म्हणजे प्रत्यक्ष केलेल्या गणिताचा पुरावा, आणि तो फर्मवेअरला लबाडीने बनवता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा आकडा नशिबाने वर-खाली होतो. २४ तासांच्या सरासरीत मात्र मशीनच्या पानापेक्षा पाच-सात टक्क्यांची तूट सतत दिसत असेल, तर मशीन काही वेळ दुसऱ्याच कोणासाठी काम करत असल्याचा संशय घ्यावा. राउटरच्या नोंदीत अनोळखी पूलकडे जाणारी जोडणी सापडली की ते पक्के होते. काही पर्यायी फर्मवेअर दोन-तीन टक्के शुल्क उघडपणे घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. गुपचूप घेतले जाते तेव्हा ती ग्राहकाच्या विजेवर चालणारी चोरी असते.

जुन्या मशीनबरोबर येणारे फर्मवेअर आणखीही काही आणते. चीनमध्ये हांट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने अँटमायनर एस९ वेठीला धरले होते. १० बिटकॉइन द्या किंवा आणखी हजार मशिनांना लागण करा, अशी मागणी पडद्यावर यायची. म्हणून वापरलेले मशीन घरच्या किंवा गाळ्याच्या नेटवर्कला जोडण्याआधी कंपनीचे मूळ फर्मवेअर एसडी कार्डावरून नव्याने भरावे आणि ‘रूट’ हा कारखान्याचा पासवर्ड लगेच बदलावा. ॲमलॉजिकचा कंट्रोल बोर्ड असेल तर ही एसडी कार्डाची पद्धत नेहमीसारखी चालत नाही. तसा बोर्ड असलेले संशयास्पद मशीन जाणकाराकडूनच तपासून घ्यावे.

विकत घेण्याआधी लांबून तपासणी कशी करायची, हे आम्ही लोकांना सांगतो ते इथेही नोंदवतो, कारण याच क्रमाचा पुरावा पुढे तपासात उपयोगी पडतो. चालू मशिनांचा व्हिडिओ मागण्यात अर्थ नाही, असे व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरत असतात. विक्रेत्याने ठरलेल्या मशीनमध्ये खरेदीदाराच्या पूल खात्याचे वर्करनाव (त्या खात्यात मशीनला दिलेले नाव) टाकून ते २४ तास चालवावे. यातही एक पळवाट आहे. हॅशरेट भाड्याने मिळतो आणि विक्रेता मशीन नसताना भाड्याची ताकद तुमच्या खात्यावर वळवू शकतो. त्यावर उपाय असा : व्हिडिओ कॉलवर स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि स्टेटस पान एकाच चौकटीत दाखवायला सांगावे, मग आपण सांगू त्या मिनिटाला मशीन बंद करायला लावावे. पूलमधला वर्कर काही मिनिटांत थंडावला पाहिजे. पुन्हा सुरू केल्यावर तो परत आला पाहिजे. हे दोनदा झाले की मशीन आहे आणि ते हेच आहे, एवढे तरी कळते.

पाठवणीतली लबाडी वजनाने पकडता येते. एस१९ वर्गातले मशीन वीजपुरवठ्याच्या भागासह तेरा-चौदा किलोच्या घरात असते. काही विक्रेते त्याच पिनकोडमधल्या दुसऱ्याच पत्त्यावर अर्ध्या किलोचे पाकीट पाठवतात आणि ‘डिलिव्हर्ड’ असा शेरा पुरावा म्हणून दाखवतात. कुरिअर कंपनीकडून बुकिंगचे वजन, डिलिव्हरीचा पूर्ण पत्ता आणि सही मागवली की हे उघडे पडते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजारांच्या वरचा माल विक्रीसाठी जाताना ई-वे बिल लागते. त्याचा १२ अंकी क्रमांक नसेल तर माल निघाला हे कशावरून? परदेशातून येणाऱ्या मालासाठी ‘कस्टमने अडवले आहे, ड्युटी भरा’ म्हणून दुसऱ्यांदा पैसे उकळले जातात. सीमाशुल्क विक्रेत्याच्या वॉलेटमध्ये भरले जात नाही. ते आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवर किंवा कुरिअर कंपनीच्या पावतीने भरले जाते आणि त्याला बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातीच्या नोंदीचा, क्रमांक असतो. आम्ही बिल ऑफ एंट्री मागायला सांगितल्यावर बरेच ‘अडकलेले’ पार्सल त्याच दिवशी गायब होतात.

खोटे दावे खरेदीदारही करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगले मशीन उघडून त्यातला एक बोर्ड काढायचा, जुना बसवायचा आणि ‘खराब माल आला’ म्हणून पैसे परत मागायचे, असे होते. म्हणून प्रामाणिक विक्रेत्याच्याही हिताचे हे आहे की पाठवण्याआधी तिन्ही बोर्डांचे क्रमांक, लॉग आणि बंद खोक्याचे वजन बिलाला जोडावे, आणि खरेदीदाराने खोके वजनकाट्यावर ठेवून न थांबता चित्रण करत उघडावे.

आता त्या दाव्याकडे, ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे. विक्रेता अडचणीत आला की शेवटी एक वाक्य येते : चोरी झाली. कधी गोदामातून मशिने चोरीला जातात, कधी वाटेत ट्रकमधून, कधी वॉलेट हॅक होते, कधी ज्या ठिकाणी मशिने ठेवली होती त्या होस्टिंगवाल्याने ती बळकावलेली असतात. हे वाक्य ऐकल्यावर तक्रार थंडावते, कारण फसवणारा स्वतःच फसलेला ठरतो. आमची विनंती आहे की चोरीचा दावा तपासाचा शेवट न मानता तिथूनच तपास सुरू करावा. हा दावा तपासता येतो, आणि तोही लवकर.

मशिनांची चोरी खरोखर होते. आइसलँडमध्ये २०१७ च्या डिसेंबरपासून काही आठवड्यांत डेटा सेंटरमधून सुमारे सहाशे मायनिंग संगणक चोरीला गेले. पोलिसांनी विजेचा अचानक वाढलेला वापर शोधला, इलेक्ट्रिशियन आणि गोदामवाल्यांकडे चौकशी केली. आरोपींना शिक्षा झाली. खऱ्या चोरीत मालकाकडे मालाची यादी असते आणि चोरलेल्या मालाला कुठेतरी वीज लागते. एस१९ प्रो महिन्याला २३४० युनिट खाते. अशी वीस मशिने कुठेही लावली तरी त्या भागातल्या वीज कंपनीच्या नोंदीत दिसतात.

तेव्हा गोदामातून चोरी झाली म्हणणाऱ्याकडे चार गोष्टी मागाव्यात : गुन्ह्याचा क्रमांक आणि तारीख, चोरीला गेलेल्या मशिनांच्या सीरियल नंबरांची यादी, खरेदीचे किंवा आयातीचे कागद, आणि विमा असेल तर दाव्याची प्रत. यादी कधी तयार झाली हे पाहावे. चोरीनंतर बनवलेली यादी आणि आधीच्या आयात कागदातली यादी जुळली पाहिजे. ज्याच्याकडे मशिने होती त्याला यादी द्यायला तासभर लागतो. ज्याच्याकडे नव्हती तो आठवडे मागतो. फिर्याद ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्यानंतर दाखल झालेली असेल तर तेही नोंदीत यावे. पुढे त्या यादीतला एखादा क्रमांक दुरुस्तीला किंवा विक्रीला आला, तर तो कुठून आला हे विचारता येते. आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांना चोरीच्या क्रमांकांची यादी मिळत नाही. ती द्यावी, आम्ही प्रत्येक मशीन तिच्याशी ताडून पाहू.

वॉलेट हॅक झाल्याचा दावा याहून सोपा आहे, कारण साखळीवरची नोंद कोणाला पुसता येत नाही. विक्रेत्याकडून पैसे स्वीकारल्याचे पत्ते, हॅकची वेळ आणि बाहेर गेलेल्या व्यवहाराचा क्रमांक लेखी घ्यावा. मग पाहायचे ते एवढेच : ग्राहकांनी भरलेले पैसे त्या वेळेपर्यंत त्या पत्त्यावर होते का? बहुतेक वेळा ते मिळाल्यापासून काही तासांतच पुढे गेलेले असतात, म्हणजे हॅक होण्यासारखे तिथे काही उरलेलेच नसते. खरा चोर पाकीट एका फटक्यात रिकामे करतो. पैसे महिनाभर थोडे थोडे, कामकाजाच्या वेळेत, एकाच एक्स्चेंजकडे जात असतील तर त्याला उचल म्हणतात. ते एक्स्चेंज वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंदलेले असेल, तर खातेदाराची ओळखपत्रे त्याने पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे; ती मागवावीत. पैसे यूएसडीटीमध्ये असतील तर यूएसडीटी जारी करणारी टेदर कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून पत्ता गोठवू शकते. त्यासाठी पैसे त्या पत्त्यावर असतानाच विनंती पोचली पाहिजे, आणि तिथे प्रश्न तासांचा असतो.

‘आमचा ईमेल हॅक झाला, कोणीतरी आमच्या नावाने दुसरा पत्ता पाठवला’ हे कधीकधी खरे असते. त्यासाठी मूळ ईमेल त्याच्या हेडरसह (तो कुठून आला याच्या तांत्रिक नोंदीसह) जपावा, फॉरवर्ड केलेला चालत नाही. विक्रेत्याच्याच सर्व्हरवरून तो निघाला की नावात एक अक्षर बदललेल्या डोमेनवरून, ते हेडरमध्ये दिसते.

होस्टिंगच्या प्रकरणांत मशीन परराज्यात किंवा परदेशात असते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने रशियाच्या बिटरिव्हर या होस्टिंग कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हा तिथे मशिने ठेवलेल्या अमेरिकी ग्राहकांना ती परत मिळेनात. असे खरे अडथळेही येतात, पण त्या वेळी सुद्धा कोणाचे कोणते मशीन, हे सीरियल नंबरावरूनच ठरते. ज्या करारात तो नाही त्यात अडकलेले मशीन तुमचे होते, हेही सिद्ध होत नाही.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आमचे सांगणे जाहिरातींबद्दल आहे. ‘रोज अमुक रुपये’ असे तक्ते लावून ही मशिने विकली जातात. गणित कोणालाही करता येते. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगात मिळून ४५० बिटकॉइन. जगाचा हॅशरेट १००० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरला तर २०० टेराहॅशच्या एस२१ मशीनला दिवसाला ०.००००९ बिटकॉइन येतात. बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला तर ते ७२० रुपये झाले. तेच मशीन ३५०० वॅट घेते, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. युनिट ८ रुपयांना पडले तर वीज ६७२ रुपयांची. १० रुपयांना पडले तर ८४० रुपयांची, म्हणजे रोजचा तोटा. त्यावर ३० टक्के कराची गोष्ट अशी की मायनिंगच्या साधनांवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा मिळणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितले आहे. जाहिरातीतला तक्ता बहुधा वीज सोडतो, कर सोडतो आणि हॅशरेट वर्षभर आहे तेवढाच राहील असे धरतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. वीजदर, हॅशरेट आणि तारीख न छापता कमाईचा आकडा छापणारी प्रत्येक जाहिरात त्या अधिकाराखाली घ्यावी.

घरी मशीन लावा म्हणणारे आणखी एक सांगत नाहीत. ३५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला १५ अँपिअर, आणि तेही चोवीस तास. १६ अँपिअरच्या घरगुती सॉकेटवर असा भार सतत टाकला तर पिना तापतात, प्लास्टिक वितळते. घरगुती जोडणीवर व्यवसायासाठी वीज वापरली म्हणून वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. हे बिलाबरोबर लेखी द्यायला लावावे.

‘व्यावसायिक हेतू’च्या आक्षेपाबाबत : स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याने वगळलेली नाही. एक-दोन मशिने घेणारा माणूस या अपवादात कसा बसतो, याबद्दल आपण मार्गदर्शक सूचना काढावी. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारी जिल्हा आयोगात, आणि त्याही तक्रारदार राहतो तिथे करता येतात, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे आणि तक्रारीची ४८ तासांत पोच देऊन महिनाभरात निवारण करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहेच. मायनिंग मशीनच्या प्रत्येक विक्रीत सीरियल नंबर बिलावर छापणे त्यात जोडावे.

महाराष्ट्र सायबरला शेवटची विनंती नोंदणी आणि जप्ती यांबद्दल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आला किंवा पोर्टलवर तक्रार झाली की बँक खात्याचा तपशील लगेच घेतला जातो. त्याच अर्जात मशीनचा सीरियल नंबर, मॅक पत्ता, पैसे गेलेला वॉलेट पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक यांसाठी रकाने हवेत, आणि ते मजकूर म्हणून भरून घ्यावेत, स्क्रीनशॉट म्हणून नव्हे. ट्रॉनचा पत्ता ३४ अक्षरांचा आणि बिटकॉइनच्या व्यवहाराचा क्रमांक ६४ अक्षरांचा असतो. हाताने उतरवताना एक अक्षर चुकले की तपास भलत्याच दारात जातो. एकाच पत्त्यावर पैसे भरलेल्या नाशिकच्या, सांगलीच्या आणि ठाण्याच्या तक्रारी मजकुरामुळे आपोआप जुळतील. आज त्या तीन वेगळ्या ठाण्यांत तीन ‘दिवाणी’ अर्ज म्हणून पडून राहतात.

छाप्यात चालू मशिने सापडली तर लगेच स्विच बंद करू नये. बहुतेक मशीनमध्ये लॉग तात्पुरत्या मेमरीत असतो आणि वीज गेली की पुसला जातो. पंचांसमोर आधी स्टिकरचा फोटो, मग स्टेटस पान, पूलचा पत्ता आणि वर्करनाव असलेले पान, मग पूर्ण लॉग फाईल उतरवून तिची हॅश किंमत (फाईलचा डिजिटल ठसा) पंचनाम्यात लिहावी, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राला ती जोडता येते. त्यानंतर मशीन बंद करावे. वर्करनावावरून पूल कंपनीकडे कमाई कोणत्या पत्त्यावर जात होती ते विचारता येते, आणि तोच पत्ता विक्रेत्याने ‘चोरीला गेली’ म्हणून सांगितलेल्या मशीनचा निघू शकतो.

जप्त केलेले कॉइन त्याच दिवशी, पंचांसमोर, पोलिस खात्याच्या अशा वॉलेटमध्ये हलवावेत ज्याला किमान दोन अधिकाऱ्यांच्या वेगवेगळ्या चाव्या लागतील, आणि व्यवहाराचा क्रमांक पंचनाम्यात यावा. गेनबिटकॉइनच्या २०१८ च्या पुण्यातल्या तपासात तांत्रिक मदतीला घेतलेल्या दोघांना पुणे पोलिसांनीच मार्च २०२२ मध्ये अटक केली, आणि जप्त वॉलेटमधले कॉइन वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला. जप्तीच्या दिवशीच व्यवहाराचा क्रमांक कागदावर आला, तर पुढे कोण काय म्हणतो याची वाट पाहावी लागत नाही.

या नोंदींसाठी अर्जाचा नमुना, तपासणीचा क्रम आणि मशिनांच्या प्रकारानुसार चिप्सची संख्या असलेला तक्ता आम्ही मराठीत तयार करून देऊ. जिल्ह्यांतल्या सायबर ठाण्यांना प्रशिक्षण हवे असेल तर मशीन आणि बोर्ड घेऊन येऊ.

कळावे,

मायनिंग मशीन दुरुस्ती, आयात आणि करसल्ला या कामांत असलेले आम्ही